नखाएवढी फट

घरतबाई दुकानात शिरल्या की पनवेलच्या बाजारातले जुने दुकानदार पाणी मागवायचे. बाईंसाठी नव्हे, स्वतःसाठी. स्टीलचा डबा घ्यायचा असला तरी बाई तो काउंटरवर ठेवायच्या, झाकण लावायच्या, काढायच्या, उलटं फिरवून पुन्हा लावायच्या आणि मग डबा कानाशी धरून हलवायच्या. झाकण जरा जरी वाजलं की डबा परत. दुसरा आणा. तोही वाजला की तिसरा. एखादा नवखा नोकर चुकून बोलून जायचा, "बाई, एवढं तर चालतंच की." मालक बिचारा डोळे मिटून घ्यायचा, कारण पुढे काय होणार ते त्याला ठाऊक असायचं.

"का चालतं?" बाई विचारायच्या. "कुणी ठरवलं चालतं म्हणून? डबा बनवणाऱ्यानं, का विकणाऱ्यानं? घेणारी तर मी आहे. मला नाही चालत."

मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा त्या विज्ञान शिकवून शिकवून पिकल्या होत्या. बुटक्या, रुंद बांध्याच्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि कपाळावर सरळ रेघेत भुवयांच्या मधोमध टेकवलेली टिकली. आवाज असा की प्रयोगशाळेत बोलल्या तर खालच्या मजल्यावरचा वर्ग गप्प व्हायचा. शिकवताना भाषा शुद्ध, अगदी पुस्तकी. पण संताप झाला की माहेरची आगरी बोली वर यायची. मुलांनाही हे पाठ होतं. बाईंच्या तोंडी 'आम्ही'चं 'आमी' झालं की पुढच्या बाकावरचे मागे सरकायचे.

मला त्या पहिल्या दिवसापासून अगंतुगं करायच्या. माझा स्वभाव वाद टाळायचा. रिक्षावाल्यानं सुटे नाहीत म्हटलं की मी उतरून चालू लागते. बाईंना हे बघवायचं नाही. "मेधा, तू असंच मान हलवत बसलीस ना, तर एक दिवस तुझ्या घरात लोक येऊन राहतील आणि तू त्यांना चहा करशील," असं त्या मला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सुनवायच्या. मी हसायचे. रागावण्यासारखं काही नव्हतं, खरंच होतं ते.

एकदा शाळेला प्रयोगशाळेसाठी नवी कपाटं मिळाली. कुणा मोठ्या माणसाची देणगी. कपाटं दिसायला झकास, पण एकाचंही दार धड लागेना. वरचा कोपरा बसला की खालचा सुटायचा. बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "घरतबाई, देणगीच्या कपाटाचे दरवाजे मोजायचे नसतात." बाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे सरांनी घाबरायला हवं होतं.

उद्घाटनाला ते देणगीदार आले, हारतुरे झाले, फीत कापली. बाई हसतमुखानं पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आता पहिलं कपाट आपल्याच हातानं बंद करा, आम्हाला आठवण राहील." पाहुण्यांनी दार लावलं. सुटलं. पुन्हा लावलं. पुन्हा सुटलं. मग गुडघा टेकवून दाबलं. फोटोवाला फोटो काढतोय, मुलं तोंडावर हात धरून उभी, आणि मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडलेला. त्या आठवड्यातच सुतार आला आणि सगळी दारं उतरवून पुन्हा बसवून गेला. सरांनी मात्र निवृत्त होईपर्यंत बाईंना कुठल्याही पाहुण्याच्या जवळ उभं राहू दिलं नाही.

आता वाटेल की बाई म्हणजे नुसत्या भांडकुदळ. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. त्यांच्या या वेडामागे काय आहे ते मला त्यांच्या माहेरी गेल्यावर कळलं.

त्यांचं माहेर पनवेलच्या खाली, खाडीच्या काठावर. एका पौषात बाई मला वालाच्या शेंगांची पोपटी खायला घेऊन गेल्या होत्या. घरी त्यांचा धाकटा भाऊ, नारायण. हसरा, बोलायला कमी, बहिणीला घाबरून असलेला. पोपटीचं मडकं शेकोटीत ठेवून आम्ही शेतावर गेलो. तिथे मी पहिल्यांदा तो बांध पाहिला. एका बाजूला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची जमीन, आणि मधे मातीचा एक लांबलचक बांध. भरतीच्या वेळी खाडी शेतापेक्षा उंच असते, हे मला तिथे उभं राहिल्यावरच समजलं. बांध आहे म्हणून शेत आहे. नाहीतर ती सगळी खाडीच.

बांधात एका ठिकाणी पाणी जायला वाट होती. तिला तिकडे उघाडी म्हणतात. पावसाचं पाणी ओहोटीला तिच्यातून बाहेर जायचं आणि भरती आली की तिची झडप खाडीच्या पाण्याच्या दाबानं आपोआप बंद व्हायची. झडप नीट बसली तर ठीक. नाही बसली तर खारं पाणी आत. आणि शेतात एकदा खारं पाणी शिरलं की ती जमीन पुढची काही वर्षं भात देत नाही.

"माजा बापूस ही झडप बसवायचा," बाई म्हणाल्या. माहेरच्या मातीवर पाय ठेवला की संताप नसतानाही त्यांची भाषा बदलायची. "लाकडाची होती. दरसाल फुगायची, वाकडी व्हायची. मग तो काय करायचा, झडपेच्या कडेला चुलीची काजळी फासायचा. झडप लावायची, काढायची. चौकटीवर जिथं काळं उमटलं तिथं ती टेकते, जिथं नाय उमटलं तिथं फट हाय. मग तासायचं, पुन्ना काजळी, पुन्ना लावायची. सगलीकडं सारकं काळं आयलं की मग तो जेवायला बसायचा. त्याच्या आधी नाय."

मग बांधांचं काम बघणाऱ्या सरकारी खात्यानं ती लाकडी झडप काढून लोखंडी बसवली. भक्कम होती, रंगवलेली होती. पण चौकट जुनी, जराशी कललेली, त्यामुळे खालच्या कोपऱ्यात नखाएवढी फट राहिली. गावकऱ्यांनी पहिल्या भरतीलाच ती पाहिली. पूर्वी असं काही झालं की घरटी एक माणूस निघायचा, पेंढ्याचा वळलेला दोर आणि चिकण माती दाबून फट बुजवायची, काम संपलं. आता तिथे पाटी होती. सरकारी बांधकामाला हात लावू नये. नारायणनं एकदा माती लावली तर त्याला कार्यालयात बोलावून दम दिला. बाई कार्यालयात गेल्या. तिथल्या साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, थोडी गळती धरूनच डिझाइन असतं. नॉर्मल आहे."

हे सांगताना बाईंचा आवाज चढला नाही. त्या बांधावर उकिडव्या बसून त्या फटीतून येणारी पाण्याची बारीक धार बघत होत्या.

निवृत्तीनंतर त्यांचे गुडघे गेले. बांधावर चालणं बंद झालं. उधाणाच्या भरतीला, म्हणजे पुनव-अमावास्येच्या सुमाराला, तसाही बांधावर कुणाला धड उभं राहता येत नाही, आणि फटीतून पाणी आत किती पसरतं ते नेमकं तेव्हाच दिसतं. बाई अर्ज करत राहिल्या. खात्याचा माणूस यायचा तो ओहोटीला, सुकं बघून जायचा. "पाणी तर दिसत नाही कुठं," असं लिहायचा. बाईंचं म्हणणं एकच होतं: या लोकांना उधाणात वरून दाखवलं पाहिजे. एवढं एक दाखवलं तर झडप दुरुस्त होईल आणि शेत वाचेल. आणि एक दिवस त्यांनी मला फोन केला, "मेधा, मी ड्रोन मागवलाय."

मला वाटलं त्या गंमत करतायत. आमच्याकडे ड्रोन म्हणजे हळदीच्या मांडवावर घिरट्या घालणारी वस्तू. नवऱ्या मुलाला हळद लागतेय, बँजो वाजतोय आणि डोक्यावर ते घरघरणारं यंत्र. पण दुसऱ्या दिवशी गेले तर टेबलावर खोका उघडलेला, शेजारी भिंग, आणि बाईंचा चेहरा लाल.

"बघ," त्या म्हणाल्या. "आमी एवढे दिवस वाट बघितली, आनि हे बघ."

आमी ऐकलं आणि मी खुर्ची जरा मागे घेतली.

ड्रोन लहानसा, राखाडी, घडीचे चार हात असलेला. त्याची बॅटरी मागून आत सरकवायची. दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज यायला हवा. डाव्या बाजूनं यायचा, उजव्या बाजूनं नाही. तिथे फट राहायची. पुढचा एक हात उघडल्यावर किंचित डुलायचा. कॅमेऱ्यावरचं पारदर्शक टोपण इतकं आवळ होतं की काढताना कॅमेराच मान वाकडी करायचा. एकेक गोष्ट क्षुल्लक. माझ्या हाती आला असता तर मला यातलं एकही दिसलं नसतं.

"उडतोय ना?" मी भीत भीत विचारलं.

"उडतोय. आणि उडताना थरथरून बॅटरी बाहेर आली की खाडीत पडतोय. मग काय, मी पोहत जाऊ?"

ज्या दुकानातून मागवला होता, तिथे आम्ही तो घेऊन गेलो. दुकान नवं, काचेचं, थंडगार. काउंटरवरचा तरुण अतिशय नम्र होता. त्याची ती नम्रताच माझ्या डोक्यात गेली, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यानं बॅटरी घातली, अंगठ्यानं जोरात दाबली, एकदा बोट फिरवलं आणि हसून म्हणाला, "मॅम, हे नॉर्मल आहे. या मॉडेलला थोडा गॅप येतोच. सगळ्यांनाच येतो."

"सगळ्यांनाच येतो म्हणजे बरोबर झालं?"

"म्हणजे इश्यू नाहीये मॅम. फ्लाय होतोय ना?"

"तुझ्या स्कूटरचं मागचं चाक थोडं ढिलं ठेवून देऊ? चालेल ती. फ्लाय पण होईल."

मागे रांगेतलं कुणीतरी हसलं. तरुणाला राग आला नाही, तो आणखी नम्र झाला. ड्रोन कंपनीकडे पाठवतो म्हणाला. आणि जाता जाता, "मॅम, घरी काही उघडू-बिघडू नका हां, वॉरंटी जाईल." बाई दारापर्यंत गेलेल्या तिथून परत वळल्या. मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं.

पुष्कळ दिवसांनी ड्रोन परत आला. तोच. सोबत निरोप, काही दोष आढळला नाही. फट होती तशीच. मला आठवतंय, मला इतका संताप आला की मीच म्हणाले, "बाई, ग्राहक मंचात जाऊ या." बाईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "सुधारतेयस," त्या म्हणाल्या. "पण वेळ कुठाय? वैशाखी पुनवेचं उधाण आलं."

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं इलाज केला, आणि तो सपशेल फसला, तेही सांगायला हवं. खाडीकाठच्या माणसाला फट दिसली की ती बुजवायची, एवढंच ठाऊक. बाईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि बॅटरीसकट ड्रोनच्या पोटाभोवती घट्ट गुंडाळली. नंतर आमच्या इमारतीच्या गच्चीवर उडवून पाहिला. वर गेला मजेत. खाली यायचं नाव घेईना. त्या ड्रोनच्या पोटाला जमीन ओळखणारे डोळे असतात, आणि बाईंनी नेमके तेच बांधून टाकले होते. खाली यायला लागला की मधेच घाबरल्यासारखा थबकायचा आणि पुन्हा वर. बाई खालून ओरडतायत, "ये रे, ये खाली, मेल्या!" शेजारच्या गच्चीवर साठेकाकूंनी उडदाचे पापड वाळत घातले होते. बॅटरी संपत आल्यावर ड्रोन स्वतःच्या मर्जीनं त्या पापडांवर उतरला आणि पंखे थांबेपर्यंत तिथेच नाचला.

साठेकाकूंनी जे काय सुनावलं ते बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी त्यांना असं ऐकून घेताना दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही. वर म्हणाल्या, "चूक माझी आहे. पापड मी लाटून देते." आणि खरंच दिले. सगळे एकाच मापाचे.

त्या संध्याकाळी पीठ मळता मळता त्या एकदम थांबल्या. "मेधा, काजळाची डबी आण गं."

मला कळेना. त्यांनी हात धुतले, बॅटरीच्या कडेला बोटानं काजळ फासलं, ती आत सरकवली, बाहेर काढली. मग भिंग घेऊन ड्रोनच्या आतल्या खाचेत पाहिलं. सगळीकडे काळं पुसट उमटलं होतं, पण उजव्या कोपऱ्यात एक ठिपका गडद. बॅटरी तिथेच अडत होती. खाचेत साच्यातून निघताना राहून गेलेलं प्लॅस्टिकचं कुसळ होतं, मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक. बाईंनी नखं घासायच्या कानशीनं ते हळूहळू घासलं. पुन्हा काजळ, पुन्हा बॅटरी. चौथ्या की पाचव्या वेळेला दोन्ही बाजूंनी एकदम टक् झालं.

मी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं बाई खूश होतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं.

"एवढंच होतं," त्या म्हणाल्या. "एवढंच. आनि एकानंही वाकून बघितलं नाय. त्या पोरानं नाय, कंपनीनं नाय. बघायला काय लागतं गं? वाकायला लागतं, बाकी काय?"

वैशाखी पुनवेला आम्ही गावी गेलो. जवळचं नवं विमानतळ तेव्हा सुरू व्हायचं होतं, तरी बाईंनी पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर सांगितलं होतं, परवानगीचा कागद पर्समध्ये घडी करून ठेवला होता. नारायण आणि मी त्यांना धरून देवळाच्या ओट्यावर बसवलं. तिथून त्यांनी ड्रोन सोडला. फोनच्या पडद्यावर बांध दिसू लागला. जमिनीवरून जी बारीक धार दिसायची ती वरून तशी नव्हतीच. उघाडीपासून आत, शेतात, काळसर ओल पसरत चालली होती. कडेला मिठाचा पांढरा पट्टा. उघाडीच्या बाजूची बांधाची माती शेताकडून खचून पोकळ झाल्याचं स्पष्ट दिसत होतं. नारायण फोनवर वाकला. त्याचं रोजचं शेत, पण असं त्यानंही कधी पाहिलं नव्हतं. "आक्का," तो म्हणाला, "ह्यो बांध जाणार गो."

"नाय जाणार," बाई म्हणाल्या. "आता दाखवायला हाय आपल्याकडं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही खात्याच्या कार्यालयात गेलो. साहेब नवे होते. तरुण, नीटनेटके, चांगले शिकलेले. त्यांनी चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली. बाई टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून बसल्या होत्या. चित्रफीत संपली. साहेब म्हणाले, "क्वालिटी छान आहे हो. कुठला ड्रोन?"

बाईंनी सांगितलं.

"परवानगी घेतली होती का?"

बाईंनी पर्स उघडून कागद समोर ठेवला. साहेबांनी तो वाचला, परत दिला. मग बराच वेळ पडद्यावर बोट फिरवून म्हणाले, "हे बघा, सीपेज आहे, मी नाही म्हणत नाही. पण लिमिटमध्ये आहे. नॉर्मल. पावसाळा होऊ दे, मग इस्टिमेटमध्ये घेऊ."

आता बाई उसळणार म्हणून मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. पण त्या हळू आवाजात बोलल्या. इतकी वर्षं ओळखत असून त्यांचा तो आवाज मला ठाऊक नव्हता. "साहेब, पावसाळ्यात उधाण यापेक्षा मोठं असतं. तुम्ही झडप काढू नका, बदलू नका. फक्त आम्हाला फट बुजवू द्या. माती आमची, माणसं आमची. पेंढा आमचा. तुम्ही नुसतं हो म्हणा."

"तसं नाही करता येत हो, मॅडम. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

हे वाक्य आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जबाबदारी कोणाची! माणसं म्हणतायत आम्ही बुजवतो, आमच्या हातानं बुजवतो, आणि हा विचारतो जबाबदारी कोणाची. मी त्या दिवशी त्या कार्यालयात आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर हात आपटला. फार जोरात नाही, पण आपटला. शिपाई आत डोकावून गेला. बाहेर आल्यावर बाईंनी माझा हात हातात घेऊन पाहिला, लागलं नाही ना म्हणून.

आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला. उघाडीच्या शेजारीच, पडद्यावर पोकळ दिसला होता तिथेच. खाडीकाठी बांध फुटला की घरटी एक माणूस निघायचा ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. नारायण दारोदार हाका मारत फिरला. पण अर्ध्या घरांतली माणसं कामावर होती, खारघर-कामोठ्याच्या टॉवरांवर नाहीतर बंदरात. काहींनी जमिनी विकून टाकल्या होत्या, त्यांना कशाची ओढ? आली ती बहुतेक म्हातारी माणसं आणि बायका. हातोहात मातीचे गोळे पोचवत त्यांनी ओहोटीभर काम केलं. पुढच्या भरतीनं ते सगळं नेलं. नारायण नंतर सांगत होता, बाई चिखलात पाय पसरून बसल्या होत्या आणि समोरून आलेला गोळा पुढच्या बाईच्या हातात देत होत्या. गुडघे वाकत नव्हते म्हणून बसून. मी पनवेलहून पोचले तेव्हा काम थांबलं होतं. तरी त्या तिथेच बसून होत्या.

खात्यानं पाहणी केली. इस्टिमेट झालं. निविदा निघाली, रद्द झाली, पुन्हा निघाली. तोवर खाडी रोज दोनदा शेतात येऊन जात होती. नारायण पनवेलला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागला. बाई त्याच्याबद्दल बोलेनाशा झाल्या. बाजारातही त्या आता कमी दिसायच्या. एकदा भाजीवाल्याकडे भेटल्या तेव्हा त्यानं किडकी वांगी पिशवीत टाकली आणि त्यांनी ती मुकाट्यानं घेतली. मला ते बघवलं नाही. मीच ती परत त्याच्या पाटीत टाकली.

पुढे वर्षभरातच बाई गेल्या. झोपेत, कुणाला त्रास न देता. पण त्यांची मला शेवटची आठवण आहे ती त्याआधीची, हिवाळ्यातल्या एका सकाळची. "मला शेतावर ने," असा फोन आला. मी रिक्षा केली. बांधाच्या अलीकडे उतरून आम्ही सावकाश, एकमेकींना धरून चालत गेलो. ओहोटी होती. जिथे भाताची खाचरं असायची तिथे निळसर चिखल, आणि त्या चिखलात हाताहातावर तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं उगवलेली. वीतभर उंच, दोन-दोन हिरवीगार पानं. दिसायला इतकी गोजिरवाणी की मी पटकन म्हणून गेले, "किती छान आलीत!" बाईंनी चपला काढल्या, माझ्या हातात दिल्या, चिखलात उतरल्या, कशाबशा खाली बसल्या आणि एक रोप उपटलं. मग दुसरं.

त्या वेड्या झाल्या नव्हत्या. खाडीतून आलेलं एकेक रोप रुजलं की ती जमीन शेत राहत नाही, तिवरांची होते, आणि मग कायद्यानं तिच्यावर नांगर धरता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बांधावरून खाकी कपड्यांतला एक माणूस आला. कांदळवनाचा रखवालदार. मोटारसायकल लावून तो काठाशी उभा राहिला. "ओ मावशी, काय करताय? तिवर तोडणं गुन्हा आहे. केस होते."

बाईंनी मान वर केली. "हे शेत आहे."

"कागदावर असेल. आता कांदळवन आहे. उठा."

"पाणी आत आलं तेव्हा तू कुठं होतास?"

"ते माझं काम नाही, मावशी. माझं काम झाडं राखायचं." तो वाईट माणूस नव्हता. कंटाळलेला होता, आणि त्यालाही नोकरी होती. त्यानं खिशातून पेन काढलं. "नाव सांगा. लिहून घ्यावं लागेल मला."

मी पुढे झाले. जाऊ द्या हो, वय झालंय त्यांचं, असं काहीतरी बोलणार होते. बाईंनी मला हातानं थांबवलं.

"प्रमिला बाळाराम म्हात्रे," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं मी त्यांना घरतबाई म्हणत आले. वडिलांचं नाव लावून त्या बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

"बाळाराम माझे वडील. हे त्यांचं शेत," बाई सावकाश, वर्गात शुद्धलेखन घालताना सांगत तसं सांगत होत्या. "लिहिलंस? आता लिही, समज दिली तरी ऐकलं नाही."

आणि त्यांनी हात लांबवून पुढचं रोप उपटलं. त्याच्या मुळाशी चिखलाचा मोठा गोळा आला होता. तो त्यांनी रोपापासून अलगद सुटा केला, दोन्ही तळव्यांनी दाबून घट्ट केला आणि पुन्हा त्याच खड्ड्यात बसवला.